शाळेची नवी खोली हवी, तर हात कुठे वर करायचा?

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी शाळा बांधायला कर्ज काढायचं असेल तर गावाला मतपेटीपर्यंत जावं लागतं. कॅलिफोर्नियात 2000 पासून अशा कर्जरोख्यांना निदान 55 टक्के मतं लागतात. फेड घरपट्टीसारख्या करातून. आपल्याकडे असं मतदान नाही. म्हणून आपण समजतो की शाळेचा पैसा "वरून" येतो, आपला काय संबंध?

संबंध आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत तर जास्तच.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (2009) शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. ही समिती शाळा विकास आराखडा करते आणि अनुदानाचा आधार तोच. खोली, संडास, पाणी आराखड्यात लिहिलंच नाही तर मागणार कशाच्या जोरावर? (अनुदानित अल्पसंख्याक शाळेत ही समिती फक्त सल्ला देते. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मात्र तिला पूर्ण अधिकार आहेत.)

दुसरा पैसा खाणींचा. 2015 मध्ये कायदा बदलून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या पट्ट्याची खाण रॉयल्टीच्या 30 टक्के आणि लिलावातली 10 टक्के रक्कम त्यात भरते. घुग्घुस, राजुरा, भद्रावतीचा कोळसा, कोरपन्याचा चुनखडी दगड, एटापल्लीतलं सुरजागडचं लोखंड, सगळ्याचा हिस्सा यात आला. त्याच वर्षीच्या केंद्राच्या सूचनांनी निदान 60 टक्के निधी पाणी, आरोग्य, शिक्षण अशा प्राधान्याच्या कामांसाठी ठेवला. धूळ आपली मुलं खातात, तर त्यातली एक खोली मागण्यात लाज कसली? एटापल्ली, भामरागड, धानोऱ्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात तर या निधीतल्या कामांना ग्रामसभेची मंजुरीच लागते.

म्हणजे आपली मतपेटी ती ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. कोरम एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. मग जे दहा-वीस लोक येतात तेच ठरवतात, आणि सिमेंटचा रस्ता, सभामंडप, कमान आधी मंजूर होते. आपले लोक त्या दिवशी झेंडावंदन करून घरी जातात. जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटं एलान केलं तरी वीस माणसं वाढतील.

अम्मी, खाला, आपा यांच्यासाठी तर वेगळी सोय आहे: ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते. मुलींच्या संडासाचा विषय तिथे निघाला तर तो ग्रामसभेत टाळणं सरपंचांना जड जातं. पाचवीनंतर घरी बसलेल्या मुलींची खरी कारणं त्याच बायकांना माहीत असतात.

जाताना समितीच्या ठरावाची प्रत न्या. विषय तोंडी मांडू नका, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी द्या, पोच घ्या. आणि उठण्याआधी इतिवृत्तात तो विषय लिहिला गेला का, ते वाचून बघा.