जाळ्याचे वय

सुती जाळे पाण्यात कुजते आणि नायलॉनचे उन्हात जळते. परभणी जिल्ह्यातल्या भोई वस्त्यांनी हे दोन्ही प्रकार पाहिले आहेत. जाळे किती टिकते हे आधी सुतावर ठरते आणि मग ते कोणत्या पाण्यात टाकले जाते यावर.

जिल्ह्यात हे पाणी दोन प्रकारचे आहे. एक गोदावरीचे, म्हणजे इथल्या बोलण्यातल्या ‘गंगे’चे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतून जाणाऱ्या नदीचे पात्र ढालेगाव, मुदगल, डिग्रस या बंधाऱ्यांनी तुकड्यातुकड्याने तुंबवले आहे. दुसरे धरणांचे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर 1968 मध्ये पूर्ण झालेले येलदरी, सेलूकडचे लोअर दुधना आणि गंगाखेडचे मासोळी. मासोळीच्या तर नावातच मासा आहे. नदीच्या उथळ पात्रात पाग, म्हणजे गोल फेकजाळे चालते. धरणाच्या खोल पाण्यात कल्लेजाळे रात्रभर भिंतीसारखे उभे करून ठेवतात. मासा त्यात डोके घालतो आणि कल्ल्याशी अडकतो. पाग दिवसभरात कितीतरी वेळा दगडगोट्यांवर आपटतो आणि घासून झिजतो. कल्लेजाळे घासत नाही, पण सलग बारा-बारा तास पाण्यात राहते. दोघांचे दुखणे वेगळे.

नायलॉन येण्यापूर्वी सूत कापसाचे किंवा तागाचे असे. कापूस आणि ताग हे दोन्ही मुळात सेल्युलोज. पाण्यातले जिवाणू वितंचक सोडून सेल्युलोज तोडतात आणि त्याच्यावर जगतात. पाणी जितके कोमट, तितके हे काम वेगाने चालते. मराठवाड्यातल्या पाण्यात काहीच न लावलेले सुती जाळे काही आठवड्यांत हातात तुटू लागे. यावर उपाय होता तो सालीचा काढा. बाभळीची साल पाण्यात उकळली की तिच्यातले टॅनिन उतरते. त्या तांबूस काढ्यात जाळे बुडवून ठेवत. टॅनिन धाग्यात मुरले की जिवाणूंना तो पचत नाही. खैराच्या काताचाही असाच उपयोग होई. पण टॅनिन पाण्यात हळूहळू धुऊन जाते, म्हणून हा काढा पुन्हा पुन्हा द्यावा लागे. मोरचुदाची जोड दिली की तो जास्त काळ टिके. सुताचा एक गुण मात्र विसरता येत नाही: कापूस ओला झाला की जास्त मजबूत होतो. नायलॉनचे उलटे आहे. ते भिजले की त्याची सुमारे दहा ते पंधरा टक्के ताकद कमी होते आणि वाळल्यावर परत येते.

नायलॉनचा शोध अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत 1935 मध्ये लागला. जाळ्यांसाठी आपल्याकडे जास्त वापरले जाणारे ‘नायलॉन 6’ हे जर्मनीतल्या पॉल श्लाक यांनी 1938 मध्ये तयार केले. भारतात मासेमारीच्या साधनांवर शास्त्रीय काम करणारी केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था कोचीला 1957 मध्ये सुरू झाली. कृत्रिम धाग्याची जाळी देशात रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे. जिवाणूंना नायलॉन खाता येत नाही. सालीचा काढा, कात आणि मोरचूद एका पिढीत कामातून गेले.

एक सवय मात्र गेली नाही आणि तीच नव्या जाळ्याला भोवली. सुती जाळे रोज कडक उन्हात वाळवणे भागच होते. ओले राहिले तर ते कुजणारच. नायलॉनला वाळवण्याची गरज नाही, पण जाळे काठावर, बाभळीच्या काट्यांवर किंवा बांबूवर पसरणे चालूच राहिले. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण नायलॉनच्या लांब रेणुसाखळ्या तोडतात. धागा आधी खरखरीत होतो, मग ठिसूळ आणि शेवटी चिमटीत तुटतो. परभणीत मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो, तेव्हा दिवसभर पसरलेले जाळे आठवडाभर पाण्यात राहिलेल्या जाळ्याहून जास्त म्हातारे होते, असे म्हणायला हरकत नाही. गढूळ पाणी हे किरण फार खोल जाऊ देत नाही. म्हणजे पूर्वी ज्या पाण्याची भीती होती, तेच आता जाळ्याला सावली देते. धुऊन, झटकून, छपराखाली टांगलेले जाळे सर्वांत जास्त टिकते. फक्त उंदरांपासून जपायला हवे. माशाच्या वासाने ते सूत कुरतडतात.

धागा किती जाड यावरही बरेच अवलंबून असते. किरणांचा मारा पृष्ठभागावर होतो. जाड पिळाच्या धाग्यात आतले तंतू बाहेरच्यांच्या आड राहतात. 0.16 मिलिमीटरच्या एकेरी तंतूला असे आतले काही नसतेच. धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात: 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. बाजारातले 210 डेनियरचे तंतू दोन, तीन, चार असे पिळून जाळ्याचे सूत होते.

जाळे तुटते ते बहुधा गाठीशी. गाठीत धागा वाकतो, स्वतःवरच घासतो आणि तिथे त्याची ताकद सरळ धाग्यापेक्षा कमी भरते. एकेरी नायलॉन गुळगुळीत असल्याने साधी गाठ त्यात सरकते. म्हणून कारखान्यात दुहेरी गाठ मारून ती उष्णतेने बसवतात.

उरलेले शत्रू पाण्यातले. खेकडा अडकलेला मासा खाताना जाळे कापतो. कासव सुटण्यासाठी मोठे भगदाड पाडते. शिंगट्यांचे करवती काटे जाळ्यात असे गुंततात की मासा सोडवण्यापेक्षा धागा कापणे सोपे जाते. धरणाच्या बुडीत भागात उभे राहिलेले जुने बुंधे जाळ्याचा सर्वांत महागडा बळी घेतात.

जुने जाळे या साऱ्यातून टिके ते सांधल्यामुळे. विणण्याची सुई आणि आसाचे, म्हणजे जाळ्यातल्या छिद्राचे माप ठरवणारी पट्टी घेऊन फाटलेले आस एकेक करून भरले जात. काही वर्षांनी मूळ विणीतले किती उरले हे सांगणे अवघड होई. एकेरी तंतूचे जाळे आले तसे हे मागे पडले. ते स्वस्त, जवळजवळ पारदर्शक आणि भरपूर मासे देणारे आहे, पण सांधायला किचकट. सांधण्यात जाणाऱ्या दिवसापेक्षा नवे घेणे परवडते. न कुजणारे सूत हाती आले आणि जाळ्याचे वय मात्र घटले, हा या साऱ्या बदलातला विरोधाभास आहे.

तुटून पाण्यातच राहिलेल्या तुकड्यांना हे गणित लागू पडत नाही. बुंध्यात अडकलेले सुती जाळे त्याच हंगामात कुजून निरुपद्रवी होई. नायलॉनचे जाळे सावलीतल्या पाण्यात वर्षानुवर्षे उभे राहते आणि कोणी काढायला येत नसताना मासे मारत राहते.

काठावर आलेले निकामी जाळे सहसा फेकले जात नाही. भाजीच्या वाफ्याभोवती, कोंबड्यांच्या खुराड्यावर ते आणखी काही पावसाळे काढते. त्याआधी खालच्या दोरीतले शिसे सोडवून ठेवतात आणि ते पुढच्या जाळ्याला लागते.