मासा वाढतो, खोली वाढत नाही

मुंबईला लेकाकडे गेलात की नातू क्रॉफर्ड मार्केटातून आणलेला तांबड्या शेपटीचा मिशाळ मासा कौतुकाने दाखवतो. आज बोटाएवढा दिसतो. पण हा ॲमेझॉन नदीतला मासा पुरा वाढला की ४ फुटांवर जातो. त्याला वळता यावे, तर टाकीची रुंदीच त्याच्या लांबीहून जास्त हवी. ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच टाकीही अपुरीच. तरी तिच्यात पाणीच सुमारे ६८० किलो भरते. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळीची लाकडी जमीन हे ओझे पेलेल का?

मग ‘गावच्या विहिरीत सोडू’ असे ठरते. तसे मुळीच करू नका. उजनी जलाशयात परका सकर मासा असाच माजला आणि मच्छीमारांची जाळी फाटू लागली. म्हणून आधी जागा मोजावी, मगच मासा आणावा. आणलाच असेल, तर दुकानदाराला परत द्यावा.