आजीचा शब्दही पुरावा असतो

पेण-रोह्याच्या आदिवासी वाड्यांवर कुणी वही-पेन घेऊन आलं, की आपण विचारतो, “आमची माहिती घेऊन आमचं काय होणार?” प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू.

आपल्याकडच्या दळी जमिनी कातकरी आणि ठाकूर कुटुंबं इंग्रजांच्या काळापासून कसत आली. डोंगरउतारावर नाचणी, वरी पिकवली. पण कागद बरेचदा गटातल्या एकाच प्रमुखाच्या नावावर. बाकीची घरं कागदाबाहेर राहिली, बाया तर राहिल्याच.

२००६ साली वनहक्क कायदा आला. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन कसतं, तिच्यावर चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. जुनी पावती नसली तरी हातपाय गाळू नका. शेताचे बांध, विहीर, देवस्थान हे पुरावे आहेत. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. आणि नामांकित संस्थांनी केलेला चालीरीतींचा अभ्यासही नियमात पुरावा धरला आहे.

म्हणजे ती वही कामाची ठरू शकते. मानववंशशास्त्रज्ञ डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी रायगड-ठाण्यातल्या कातकऱ्यांसोबत असंच काम केलं, २०१३ मध्ये त्याचं पुस्तक झालं. घर आपलं, पण घराखालची जागा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, हे दुखणं त्यातून पुढे आलं.

म्हणून पुढच्या वेळी अभ्यासक आले, की माहिती जरूर द्या, पण विचारा, “लिहिलेल्याची प्रत आम्हाला देणार का?”

आणि एक काम आपलं आपण करू. जबाब दावेदाराचा स्वतःचा चालत नाही, दुसऱ्या जाणत्या माणसाचा लागतो. तेव्हा शेजारच्या आजीजवळ बसा. कोणता तुकडा कोण कसायचं, राब कुठे भाजायचे, पाणी कुठून आणायचे, सगळं तिच्या तोंडून लिहून घ्या. वाचून दाखवा, मग अंगठा घ्या. दावा दिल्यावर वनहक्क समितीकडून पोच मागा. त्या समितीत किमान एक तृतीयांश बायका असायलाच हव्यात. नाकारला, तर कारण लेखी मागा. अपिलाला साठ दिवस असतात.

आजी आहे तोवर हे करू या. तिच्याबरोबर पुरावाही जातो.