उपजत गुण आणि वृत्ती : मोटारसायकल शर्यतीतील दोन वाटा

कार्ले-भाजे परिसरातून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर रविवारची सकाळ आवाजावरून ओळखता येते. द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव असल्याने मुंबईकडच्या मोठमोठ्या मोटारसायकली खंडाळ्याचा घाट चढून याच रस्त्याने लोणावळ्यास येतात. आमच्या वसतिगृहातील आठवी-नववीची मुले रस्त्याकडे न पाहता, नुसत्या आवाजावरून गाडी कोणत्या कंपनीची ते सांगतात. यात नवल नाही. तळेगावहून फारसे दूर नसलेल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या मोटारसायकली तयार होतात, आणि आमच्या अनेक मुलांचे भाऊ, मामा, चुलते त्या औद्योगिक पट्ट्यात पाळीवर काम करतात. शिवाय बैलगाडा शर्यतीच्या घाटावर सेकंदाच्या अंशावरून वाद घालणाऱ्या मावळात वेगाचे वेड कोणी शिकवावे लागत नाही.

त्यामुळे 'शर्यतीत मोटारसायकल चालवणे हा व्यवसाय होऊ शकतो काय आणि त्याला काय लागते', हा प्रश्न आम्हांस वर्षातून चार-सहा वेळा तरी विचारला जातो. त्याची दोन ठरावीक उत्तरे मुलांच्या कानी आधीच पडलेली असतात. एक, 'ते अंगातच असावे लागते.' दुसरे, 'मनापासून मेहनत केली की काहीही साध्य होते.' दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत असे आमचे मत आहे. या विषयाचा उलगडा करणारे एक उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. ते येथे थोडे विस्ताराने मांडतो.

मुंबईच्या महिंद्र कंपनीने २०११ साली मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेत, तिच्या सर्वांत लहान म्हणजे १२५ सीसी वर्गात, आपला संघ उतरवला. या मालिकेत स्वतःची गाडी घेऊन उतरणारी ती पहिली भारतीय उत्पादक कंपनी होती. पुढल्या वर्षी हा वर्ग 'मोटो ३' नावाने ओळखला जाऊ लागला. २०१२ चा हंगाम महिंद्रसाठी अत्यंत खडतर गेला. २०१३ मध्ये गाडी नव्याने बांधली गेली आणि मिगेल ओलिव्हेरा या पोर्तुगीज तरुणाने मलेशियात तिसरा क्रमांक मिळवून संघाला पहिल्यांदा विजयमंचावर नेले. तरीही होंडा व केटीएम यांच्यापुढे महिंद्रचे इंजिन सरळ रस्त्यावर कमी पडत असे. वळणावर जे कमवावे ते सरळ पट्ट्यात गमवावे, असा तो खेळ होता.

या गाडीवर २०१५ मध्ये आस्पार संघाकडून एक इटालियन मुलगा आला, फ्रान्चेस्को बान्याया. त्याची आधीची नोंद पाहिली असती तर कोणी फार आशा धरली नसती. २०१३ हे त्याचे जागतिक मालिकेतील पहिले पूर्ण वर्ष. प्रत्येक शर्यतीत पहिल्या पंधरा जणांना गुण मिळतात; बान्यायाला त्या संपूर्ण हंगामात एकही गुण मिळाला नाही. २०१४ मध्ये तो सोळावा आला.

त्या दोन्ही वर्षी त्याच्याच संघात, त्याच्यासारख्याच गाडीवर, रोमानो फेनाती नावाचा दुसरा इटालियन मुलगा होता. दोघांच्या वयात जेमतेम एका वर्षाचे अंतर. फेनातीने २०१२ मध्ये सोळाव्या वर्षी कतारला पदार्पण केले आणि पहिल्याच शर्यतीत दुसरा आला. दुसरी शर्यत स्पेनमधील हेरेझ येथे होती, ती त्याने पावसाने भिजलेल्या रस्त्यावर फार मोठ्या अंतराने जिंकली. २०१४ मध्ये बान्याया सोळावा असताना फेनातीने चार शर्यती जिंकल्या. उपजत गुण कोणात अधिक, असे त्या वर्षी कोणालाही विचारले असते तर उत्तर एकच मिळाले असते, आणि ते चुकीचे नव्हते. ओल्या रस्त्यावर चाक कुठे निसटेल हे हातांना आणि पाठीच्या कण्याला आधी कळणे, ही देणगीच आहे. ती सर्वांना नसते, आणि नाही म्हणून रडण्यातही अर्थ नसतो.

परंतु पुढे काय घडले? फेनातीला २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या संघाने वर्तनाच्या कारणावरून वगळले. दुसरी संधी मिळाली, तीही चांगली मिळाली. मग ९ सप्टेंबर २०१८ रोजी इटलीतील मिसानो येथे, मधल्या म्हणजे 'मोटो २' वर्गाच्या शर्यतीत, ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेग असताना, फेनातीने शेजारून जाणाऱ्या स्टेफानो मांझीच्या गाडीचा पुढील ब्रेक हात लांबवून ओढला. दोघांत आधी धक्काबुक्की झाली होती. पुढचा ब्रेक एकाएकी दाबला गेला की पुढचे चाक थांबते आणि गाडी स्वारासह उलटते. त्या वेगात त्याचा अर्थ काय होतो हे दुचाकी चालवणाऱ्या कोणालाही सांगावे लागू नये. मांझी सुदैवाने पडला नाही. फेनातीला काळा झेंडा दाखवून शर्यतीबाहेर काढण्यात आले, त्याच्या संघाने करार तोडला, पुढील वर्षासाठी झालेला दुसरा करारही रद्द झाला आणि वर्षअखेरपर्यंत त्याचा परवाना निलंबित झाला. तो नंतर परतला, पुन्हा 'मोटो ३'च्या लहान वर्गात शर्यतीही जिंकला, कारण गुण कोठे गेला नव्हता. पण विश्वअजिंक्यपद त्याला लाभले नाही.

मिसानोची ती शर्यत जिंकली बान्यायाने. दुसरा आला ओलिव्हेरा. दोघेही महिंद्रच्या कमकुवत इंजिनावर घडलेले.

मधल्या काळात बान्यायाने काय केले, हे पाहिल्याशिवाय 'वृत्ती' या शब्दाला अर्थ येत नाही. आपल्याकडे तर या शब्दाची मोठी फजिती झाली आहे. मुले हल्ली 'त्याला फार ॲटिट्यूड आहे' असे म्हणतात, तेव्हा त्यांना तोरा, मिजास असे काही म्हणायचे असते. कंपनीतील साहेब 'ॲटिट्यूड चांगला हवा' म्हणतात, तेव्हा पुष्कळदा त्यांना मुकाट्याने ऐकणारा माणूस हवा असतो. शर्यतीच्या क्षेत्रात या दोहोंचा उपयोग नाही. तोरा तर नाहीच; पण मुकाट स्वारही तितकाच निरुपयोगी, कारण यंत्रज्ञांना त्याच्याकडून आज्ञापालन नको, माहिती हवी असते.

हे कसे चालते ते सांगतो. सरावाची फेरी संपली की स्वार आपल्या तांत्रिक प्रमुखासमोर आणि अभियंत्यांसमोर बसतो. गाडीवरील उपकरणांनी ब्रेक किती दाबला, इंजिनाची मूठ केव्हा पिळली, गाडी किती कलली, याच्या रेघा संगणकावर काढलेल्या असतात. पण चौथ्या वळणाशी पुढचे चाक का हलले, टायर थकला म्हणून की ब्रेक उशिरा सोडला म्हणून, हे त्या रेघा पुरतेपणी सांगत नाहीत. ते स्वारानेच सांगावे लागते. येथे स्वार खोटे बोलला, म्हणजे आपली चूक गाडीच्या माथी मारली, तर अभियंते भलताच भाग बदलतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी आणखी बिघडते. उलट, गाडीचा खरा दोष असताना 'माझेच चुकले असेल' म्हणून जो गप्प बसतो, तोही संघाचे नुकसानच करतो. चूक कोणाची हे अचूक सांगता येणे, त्यात आपली असेल तर तीही न अडखळता सांगणे, याला आम्ही वृत्ती म्हणतो. हे सौजन्य नव्हे; व्यवसायाचे कौशल्य आहे, आणि म्हणून ते शिकता येते.

महिंद्रवर बान्यायाला नेमके हेच करावे लागले. सरळ पट्ट्यात मागे पडणारी गाडी वळणात कोठे वेळ वाचवेल, याचा शोध त्याने दोन वर्षे घेतला. २०१५ मध्ये फ्रान्सला तिसरा क्रमांक आला. २६ जून २०१६ रोजी नेदरलँड्समधील आसेन येथे त्याने शर्यत जिंकली. महिंद्रचा आणि कोणत्याही भारतीय कंपनीचा या मालिकेतील तो पहिला विजय. त्याच वर्षी मलेशियातही तो जिंकला आणि हंगामात चौथा आला. महिंद्रने २०१७ अखेर संघ बंद केला. बान्याया २०१८ मध्ये 'मोटो २'चा विश्वविजेता झाला, पुढील वर्षी डुकाटीवर सर्वोच्च 'मोटो जीपी' वर्गात गेला आणि २०२२ व २०२३ मध्ये त्या वर्गाचा विश्वविजेता ठरला.

येथेच थांबलो तर ही बोधकथा होईल, आणि बोधकथांवर आमच्या मुलांचा विश्वास उरलेला नाही. त्यांचे बरोबरच आहे. म्हणून उरलेलेही सांगतो. २०२२ च्या हंगामात दहा शर्यती झाल्या तेव्हा बान्याया अग्रस्थानी असलेल्या फाबिओ कार्तारारोच्या ९१ गुणांनी मागे होता, कारण तो वारंवार पडत होता. त्यानंतर आसेनची शर्यत जिंकून सुट्टीवर गेला असता इबिझा बेटावर मद्यप्राशन करून मोटार चालवताना त्याला अपघात झाला. त्याने जाहीरपणे चूक कबूल करून क्षमा मागितली. आसेन धरून त्याने सलग चार शर्यती जिंकल्या आणि वर्षअखेर ती पिछाडी भरून काढली हे खरे. पण त्या रात्री रस्त्यावर दुसरे कोणी असते तर या कबुलीला काही किंमत उरली नसती. शर्यतीच्या मार्गावरील संयम रस्त्यावर आपोआप सोबत येत नाही. घाटातील वळणांवर आपले कसब अजमावणाऱ्या तरुणांना आम्ही हेच सांगतो : तेथे समोरून वाहन येते, आणि त्यातल्या माणसाने कोणत्याही शर्यतीत नाव नोंदवलेले नसते.

२०२४ चे उदाहरण तर आणखी विचार करायला लावणारे आहे. त्या वर्षी बान्यायाने अकरा मुख्य शर्यती जिंकल्या आणि होर्खे मार्टिनने केवळ तीन. अजिंक्यपद मात्र मार्टिनला मिळाले, दहा गुणांनी. बान्याया अनेकदा पडला. मार्टिन जिंकता येत नसेल तेथे दुसरा-तिसरा क्रमांक घेऊन घरी आला. आमच्या शिक्षकांत यावर मतभेद आहेत. अकरा वेळा जिंकणारा हरला हा नियमाचा दोष, असे काहींचे म्हणणे. आम्हांस मात्र वर्षभराच्या मोजणीत दुसरा क्रमांक पत्करता येणे हीसुद्धा एक कमाई वाटते.

गुण आणि वृत्ती यांच्या चर्चेत तिसरी गोष्ट नेहमी झाकली जाते : दार उघडे असणे. आमच्यासारख्या विद्यालयाने ती झाकू देता कामा नये. बाळू पालवणकर पुण्यातील युरोपियनांच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखत होते आणि इंग्रज फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी टाकत होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. गुण होता, वृत्तीत तर बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही चहा त्यांना वेगळ्या मातीच्या भांड्यात बाहेर दिला जाई आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पूर्वी आमच्या लोकांना 'तुमच्यात गुण नाही' असे सांगितले गेले. आता 'वृत्ती नाही' असे सांगण्याची सोय झाली आहे. म्हणून एखादा मुलगा मागे पडला की वृत्तीचे नाव घेण्याआधी त्याला काय मिळाले नव्हते ते तपासावे, असा आमचा आग्रह असतो.

मोटारसायकल शर्यतीत हे दार पैशाचे आहे. गाडी, टायर, चामडी पोशाख, शिरस्त्राण, प्रवास, आणि पडल्यावर दुरुस्ती, गाडीची व स्वतःचीही. २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरलेले बंगळुरूचे सी. एस. संतोष (त्यांचा क्रमांक छत्तिसावा होता) २०२१ च्या त्याच रॅलीत गंभीर जखमी झाले. त्या वर्षी आशिष रावराणे हेही त्या रॅलीत होते, तेही कोणत्या कंपनीच्या संघातून नव्हे, तर खासगी स्पर्धक म्हणून. ते व्यापारी जहाजावरील कप्तान. आधी एक पक्का व्यवसाय, मग शर्यत, हीदेखील एक वाट आहे आणि आमच्या मुलांना ती अधिक जवळची वाटावी.

कायद्याने गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. तोवर मुलांनी काय करावे? आमच्या एका शिक्षकांनी धावण्याचा सराव करणाऱ्या मुलांना वही ठेवायला लावली आहे. प्रत्येक धावण्यानंतर तीन ओळी : वेळ किती लागला, कोठे मंदावलो, का मंदावलो. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या ओळीत बहुतेकांनी ऊन, चढ आणि बूट यांना दोष दिला होता. तिसऱ्या आठवड्यात एका सातवीच्या मुलाने लिहिले, 'सुरुवातीला पुढच्याला गाठायला जोरात पळालो, म्हणून.' त्याच पानावर खाली लिहिले होते, 'बूट खरेच फाटला आहे.' बूट बदलून दिला.