सहरीची शेगडी, इफ्तारची भट्टी

रमजान लागला की घराघरातल्या स्वयंपाकाचे घड्याळ बदलते. एरवी दिवसभर थोडी थोडी पेटणारी शेगडी या महिन्यात मुख्यतः दोनदाच पेटते, पण घाईने आणि जोरात. एकदा पहाटे, बाकी गाव झोपेत असताना सहरीसाठी आणि दुसऱ्यांदा मगरिबच्या अजानआधीच्या तासा-दीड तासात इफ्तारसाठी. नागपूरचा मोमिनपुरा, पुण्याचा कोंढवा, मुंबईतली मिनारा मशिदीजवळची गल्ली, किंवा आपल्याच गावातला मशिदीसमोरचा रस्ता. संध्याकाळचे चित्र सगळीकडे सारखेच असते. समोशाची कढई, भज्यांचा घाणा, हलीमची देग, पलीकडे मालपुवा. गर्दीत रोजेदार असतात, तसेच खास खिम्याच्या समोशासाठी वाट वाकडी करून आलेले शेजारीही असतात.

या गर्दीत प्रत्येकाचे लक्ष कढईकडे असते. कढईच्या मागे, टेबलाखाली किंवा गोणपाटाआड उभ्या असलेल्या सिलिंडरकडे सहसा कोणी पाहत नाही. त्याबद्दल नियम आहेत, कायदा आहे, मानके आहेत. मात्र हे सारे कागदी काम, साहेब आला की दाखवायचे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात यातला जवळजवळ प्रत्येक नियम गॅसच्या स्वभावातून आलेला आहे. तो स्वभाव कळला की नियम पाठ करावे लागत नाहीत.

जमिनीलगत रांगणारा वायू

सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. दाबाखाली तो द्रवरूप असतो. बाहेर येताच त्याचा वायू होतो आणि आकारमान सुमारे अडीचशे पट वाढते. हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली की तो वर न जाता जमिनीलगत पसरतो. ओट्याखाली, पलंगाखाली, गटारात, तळघरात साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगीही पुरते. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येणारा उग्र दर्प गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या रसायनाचा असतो.

सिलिंडर तळघरात किंवा खड्ड्यात ठेवू नये, गटाराच्या तोंडाशी ठेवू नये, वरच्या खिडकीबरोबर खालूनही हवा जाईल अशी सोय असावी, हे नियम यातूनच आले. हॉटेलांतल्या आणि मोठ्या भटारखान्यांतल्या सिलिंडर जोडणीसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ६०४४ हे वेगळे मानक आहे, त्याच्याही मुळाशी हाच विचार आहे. पाइपने येणारा नैसर्गिक वायू मात्र हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो. म्हणून ज्या घरात पाइपचा गॅस आला आहे तिथे वरचा झरोका बंद करून चालत नाही.

सिलिंडरवर लिहिलेली तारीख

देशभरातल्या गॅस सिलिंडरांचा कारभार पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सिलिंडर कसा बनवावा, कधी तपासावा, कुठे साठवावा, हे १८८४ च्या स्फोटक कायद्याखालील गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांनी ठरवून दिले आहे.

त्यातली एक गोष्ट कोणीही घरी पाहू शकतो. सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्टीवर आतल्या बाजूने एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. ‘बी २८’ असेल, तर त्या सिलिंडरची पुढची चाचणी जून २०२८ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करता येतो. वजन करून मागण्याचाही ग्राहकाला हक्क आहे. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. त्यात १४.२ किलो मिळवले की घरगुती सिलिंडरचे भरलेले वजन येते.

नळीचेही तसेच. आयएसआय शिक्क्याची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते. उंदराने कुरतडलेली, तेलाने फुगलेली किंवा भेगाळलेली नळी मात्र त्याच दिवशी बदलावी. शंका आली तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी ओढून गळती शोधणे म्हणजे संकटाला हाक मारणे होय.

देग मोठी, सिलिंडर एक

इफ्तारच्या भट्टीची अडचण वेगळी असते. मोठ्या देगेखालचा बर्नर घरच्या शेगडीच्या कितीतरी पट गॅस ओढतो. द्रवाचा वायू होताना उष्णता लागते आणि ती सिलिंडरच्या अंगातूनच घेतली जाते. उपसा जोराचा झाला की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव किंवा हिमाचा थर धरतो आणि आच मंदावते. आत गॅस असूनही तो पुरेशा वेगाने बाहेर येत नाही. अजानला वीस मिनिटे राहिलेली, गिऱ्हाईक उभे. मग कोणी सिलिंडरवर उकळते पाणी ओततो, कोणी त्याला भट्टीजवळ सरकवतो, कोणी सरळ आडवा करतो.

हे तिन्ही प्रकार जिवावर बेतणारे आहेत. तापवल्याने आतला दाब वाढतो. आडवा केल्याने वायूऐवजी द्रवच नळीत शिरतो आणि बर्नरवर भडका उडतो. सिलिंडर नेहमी उभाच असावा, भट्टीची धग त्याला लागू नये, हा नियम त्यासाठी आहे. उपसा जास्त असेल तर दोन किंवा अधिक सिलिंडर योग्य जोडनळीने एकत्र जोडणे हा खरा उपाय. तेही वितरकाच्या जाणकार कारागिराकडून करून घ्यावे. मोठ्या बर्नरला जास्त दाबाचा रेग्युलेटर लागतो. त्याला घरगुती नळी तारेने आवळून बसवली, तर ती केव्हा निसटेल याचा भरवसा नसतो.

साठ्यालाही मर्यादा आहे. परवान्याशिवाय एका जागी एकूण १०० किलोपेक्षा जास्त एलपीजी ठेवता येत नाही. १९ किलोचे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो. सहावा आला की मर्यादा ओलांडली. सामूहिक इफ्तारचा भटारखाना असो, गणेश मंडळाचा महाप्रसाद असो की लग्नाचा मांडव, हिशेब सगळ्यांना एकच. डिसेंबर २०२२ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात, भुंगरा गावी लग्नघरात गॅसगळतीनंतर आग लागली आणि तीसहून अधिक माणसे गेली. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी मुंबईत कुर्ल्याच्या एका उपाहारगृहात गॅसच्या आगीने आठ जणांचा बळी घेतला. त्यांतले बहुतेक महाविद्यालयात शिकणारे होते, जेवायला आले होते. जेवणाऱ्याला मागच्या बाजूची नळी दिसत नाही. तो विश्वासाने बसलेला असतो.

लाल आणि निळा

सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम रंगाचा आहे. १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरासाठी, १९ किलोचा, सहसा निळा, धंद्यासाठी. घरगुती सिलिंडर हातगाडीवर किंवा हॉटेलात वापरणे हा एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेश, २००० नुसार गुन्हा आहे आणि त्याला अत्यावश्यक वस्तू कायद्याचा आधार आहे.

समोसेवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. त्याचा धंदा तीस दिवसांचा. घरचा गॅस किलोमागे स्वस्त पडतो. तीस दिवसांसाठी व्यावसायिक जोडणी कोण घेणार? पण या अडचणीला कायदेशीर वाट आहे. पाच किलोचा छोटा सिलिंडर खुल्या विक्रीत मिळतो. त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. वितरकाकडे आणि काही पेट्रोल पंपांवरही तो विकत घेता येतो, रिकामा झाला की बदलून मिळतो. लहान कढईसाठी तो सोयीचाही आहे. त्याऐवजी मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात चोरून गॅस भरून घेण्याची जी पद्धत आहे, ती बंद खोलीत, वजनाचा अंदाज न घेता चालते. अशा भरण्यातून आग लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात.

आणखी एक हिशेब गाडीवाल्याने मनात धरावा. गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांचे विमा कवच असते, ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. पण मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई अधिकृत ग्राहकाच्या नोंदलेल्या जागेपुरती असते. घरच्या नावाचा सिलिंडर रस्त्यावर पेटला, तर ते कवच तिथे कामाला येत नाही.

गाडीजवळ कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे असावे आणि ते वापरता यावे. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नये. आधी गॅस बंद करावा आणि कढईवर घट्ट झाकण टाकावे.

पहाटेचा अर्धा तास

घरातला धोका सहरीच्या वेळी असतो. तरावीह आटोपून उशिरा झोपलेली आई किंवा वहिनी पहाटे अर्धवट झोपेत स्वयंपाकघरात शिरते आणि पहिला हात दिव्याच्या बटणाकडे जातो. रात्रभर खिडक्या बंद असतात. रात्री नळी ठिबकत राहिली असेल तर तीच ठिणगी घात करते. म्हणून आधी दार उघडून वास घ्यावा, मग दिवा लावावा. रात्री झोपताना शेगडीचे बटण बंद करणे पुरेसे नाही. रेग्युलेटरही बंद करावा.

वास आलाच, तर कुठलेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवर सुरक्षा टोपी बसवावी. दारे-खिडक्या उघडाव्यात, घरातल्यांना बाहेर काढावे, फोन बाहेर जाऊन करावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आग असेल तर १०१.

शेजाऱ्याचा हक्क

चौदाशे वर्षांपूर्वी गॅस नव्हता, पण आग होती. मदिनेत एका रात्री एक घर माणसांसकट जळाले. ते कळल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आगीला शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझवण्याची ताकीद दिली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत हा प्रसंग आहे. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही, त्याच्या श्रद्धेतच उणीव आहे, अशीही शिकवण त्यांनी दिली. तो शेजारी कुठल्या धर्माचा, अशी अट तिथे नाही.

मुंबई-पुण्याच्या चाळी असोत की लहान गावातली पेठ, भिंतीला भिंत लागून असते. एकाच्या सिलिंडरची गळती दुसऱ्याच्या उंबऱ्यातून आत जाते. तेव्हा रमजानच्या याद्या निघतात, खजुराचे खोके, सरबताचे पिंप, पत्रावळी, त्यांत या वर्षी आणखी दोन ओळी घालाव्यात: नवी नळी आणि अग्निशामक. मशिदीच्या विश्वस्तांनी जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटे याबद्दल बोलावे. मोहल्ल्यातल्या चार तरुणांनी असरनंतर गाड्यांवरून एक फेरी मारावी. सिलिंडर उभा आहे का, नळी धड आहे का, माणसांना निघायला वाट आहे का, एवढेच पाहावे. अग्निशमन दलाला बोलावले तर त्यांचे जवान प्रात्यक्षिकही दाखवतात.

सूर्य मावळताना रोजेदार खजूर तोंडात घालतो, तेव्हा त्याच्या शेजारी उभा राहून गरम समोसा खाणाऱ्याचा रोजा नसेलही. पण दोघेही सुखरूप घरी पोचले पाहिजेत, ही जबाबदारी भट्टी पेटवणाऱ्याची आहे.