आधी मेंदू की आधी चाल?

माणसाला माणूसपण कशाने आले, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले ‘मेंदूमुळे’ असे उत्तर देतील. शंभर वर्षांपूर्वी अनेक शास्त्रज्ञांनाही तसेच वाटे. १९१२ मध्ये इंग्लंडमधील पिल्टडाऊन येथे माणसाएवढी मोठी कवटी व वानरासारखा जबडा सापडल्याचे जाहीर झाले आणि हा समज अधिकच पक्का झाला.

त्यामुळे १९२५ मध्ये रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथे सापडलेल्या एका बालकाच्या कवटीचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा ते फारच थोड्यांना पटले. या बालकाचा मेंदू वानराएवढाच लहान होता. मात्र मेरुरज्जू ज्यातून खाली उतरतो ते कवटीचे छिद्र पुढे सरकलेले होते. चिंपांझीत हे छिद्र मागच्या बाजूला असते. आपल्यात ते तळाच्या मध्याजवळ असते, म्हणून डोके मानेवर तोलून राहते. याचा अर्थ, हे बालक ताठ उभे राहत असावे.

माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा एकत्र ठेवून पिल्टडाऊनची लबाडी केली होती, हे १९५३ मध्ये उघड झाले.

यापुढचा पुरावा मांडीच्या हाडाने दिला. चिंपांझीत हे हाड खुब्यापासून जवळजवळ सरळ खाली येते. आपल्यात ते आतल्या बाजूला तिरके असते; त्यामुळे गुडघे जवळ येतात आणि पाऊल टाकताना शरीराचा भार एका पायावर सहज पेलतो. इथिओपियात हदार येथे १९७४ मध्ये ‘ल्युसी’चा सुमारे ४० टक्के सांगाडा मिळाला. तो ३२ लाख वर्षांपूर्वीचा आहे. तिचे मांडीचे हाड असेच तिरके आहे आणि कमरेचे हाड आपल्यासारखे बुटके व रुंद आहे. तिच्या जातीचा मेंदू मात्र साधारण ४०० ते ५५० घन सेंटिमीटर. आपला सरासरी १३५०!

टांझानियात लेटोली येथे १९७८ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावले सापडली. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी दोन पायांवर चालत गेलेल्यांची ही पावले आहेत. म्हणजे आधी चाल बदलली, मेंदू मोठा झाला तो लाखो वर्षांनंतर.

मुलांना पाय फाकवून, गुडघे दूर ठेवून चालायला सांगा. शरीर दोन्ही बाजूंना झुलू लागेल. मांडीचे हाड तिरके का, हे त्यांना लगेच कळेल. मग पिल्टडाऊनची गोष्ट सांगा आणि विचारा: ही लबाडी इतकी वर्षे का खपली? ती आपल्या मनातलेच बोलत होती, म्हणून तर नव्हे?