मेघांची नजरपाहणी : लेखांक सहावा

दि. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला इन्सॅट-३डीएस हा उपग्रह आपल्या कक्षेत कसा पोहोचला, हे गेल्या लेखांकात आले. आता तेथे तो कोणती कामगिरी बजावतो ते पाहावयाचे. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून, पूर्व रेखांश ८२ अंशांवर राहून, पृथ्वी स्वतःभोवती जितक्या अवधीत फिरते तितक्याच, म्हणजे २३ तास ५६ मिनिटांत तो आपली प्रदक्षिणा पुरी करीत असल्यामुळे, परभणीहून पाहणाऱ्यास तो दक्षिणेकडे एकाच जागी स्थिर भासेल. अर्थात नुसत्या डोळ्यांस तो दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. त्याचा वडीलबंधू इन्सॅट-३डीआर हा २०१६ साली ७४ अंशांवर स्थापन झाला, आणि परभणीचा रेखांश सुमारे ७७ अंश असल्याने आमचा जिल्हा या दोघांच्या नजरेत सदैव राहतो.

नजरेत राहतो खरा. परंतु ही नजर पाहते काय? दिवसा सूर्यप्रकाशात ती एक किलोमीटरपर्यंतचा तपशील टिपते, रात्री मात्र तिची भिस्त अवरक्त किरणांवर, आणि तेथे चार किलोमीटरांहून लहान काही वेगळे उमटत नाही. अवरक्त चित्रात दिसते ते पाणी नव्हे, तर मेघाच्या माथ्याचे तापमान. ज्येष्ठातल्या एखाद्या संध्याकाळी जिंतूरच्या डोंगरांवर उठलेला गडगडाटी मेघ बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो, त्याचा माथा शून्याखाली साठ अंशांपर्यंत गारठतो, आणि चित्रात तो पांढराशुभ्र उमटतो. पण तितकाच थंड असा विरळ तंतुमेघही पांढराच उमटतो, ज्यातून थेंब पडत नाही, आणि रात्रभर रिपरिप लावणारा ठेंगणा मेघ, माथा उबदार म्हणून, करड्या रंगात दडून राहतो. म्हणूनच उपग्रहाने सांगितलेला पाऊस हा नजरअंदाज होय. महसूल दप्तरी २४ तासांत ६५ मिलिमीटरांची अतिवृष्टी नोंदवावयाची, तर मंडळातल्या पर्जन्यमापकाचाच आकडा लागतो. एका शिवाराला झोडपून शेजारच्यास कोरडे ठेवणारा आमचा वळीव चार किलोमीटरांच्या चौकोनात हरवला, तर त्यात उपग्रहाचा दोष नाही.

तथापि जमिनीवरचा आकडा वेळेवर पोहोचविण्यासही हाच उपग्रह उपयोगी पडतो. हवामान खात्याच्या अनेक स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी इन्सॅट उपग्रहांमार्फत पाव सेकंदात पुण्याच्या भूकेंद्रावर उतरतात. समुद्रावरील संकटग्रस्तांची हाक ऐकणारे यंत्रही त्यावर आहे, पण गोदाकाठच्या आम्हांस त्याचे प्रयोजन थोडे. आम्हांस महत्त्व आहे ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी व शुक्रवारी निघणाऱ्या कृषिहवामान सल्ल्याचे; कपाशीवर फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, हे ठरविणाऱ्या अंदाजाच्या मुळाशी उपग्रहाची निरीक्षणेही असतात. त्यांपैकी चित्रांची हकीकत येथे सांगितली; हवेच्या थराथरांतील उष्णता व बाष्प १९ पट्ट्यांतून मोजणाऱ्या साउंडरचा विचार पुढील लेखांकात करू.